मुलांच्या हातची यंत्रे : शालेय रोबोटिक्स स्पर्धा भरवणाऱ्यांस
तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी शालेय विद्यार्थ्यांची रोबोटिक्स स्पर्धा भरवावी, असे ज्या मुख्याध्यापकांच्या, विज्ञानशिक्षकांच्या अथवा संस्थाचालकांच्या मनात आले असेल, त्यांनी सभागृह, मंडप, प्रमुख पाहुणे आणि सन्मानचिन्हे यांची तजवीज करण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल स्वतःशी लावून घ्यावा : स्पर्धेच्या दिवशी मेजावर जे यंत्र येणार, ते कोणी बांधलेले असावे अशी आपली अपेक्षा आहे? शहरांतून आता रोबोटिक्सचे वर्ग निघाले आहेत, जोडायला तयार असे संच घरपोच मिळतात, हौशी पालकांची आणि उत्साही शिक्षकांचीही उणीव नाही. त्यामुळे मूल यंत्राजवळ केवळ बटण दाबण्यापुरते उभे आहे आणि त्या यंत्राच्या अंतरंगाची त्याला वार्ता नाही, असा प्रकार अगदी चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या स्पर्धांतूनही घडतो. असे होऊ नये, ही इच्छा जर मनापासून असेल, तर स्पर्धेचा विषय, खर्चाची मर्यादा, वेळापत्रक, परीक्षण आणि तक्रारींचा फैसला या सर्वांचे नियम त्या एका इच्छेतून निघाले पाहिजेत. भाषणांतून ती कितीही वेळा बोलून दाखवली तरी नियमांत उतरल्यावाचून तिचा उपयोग होत नाही.

या स्पर्धांचा उगम पाहिला तर हेच दिसते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमाला स्पर्धेचे रूप दिले, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच जिनसांची एक पेटी देऊन तिच्यातून ठरावीक काम करणारे यंत्र बांधायला ते सांगत. आणि पुढे डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेने १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत जी पहिली शालेय स्पर्धा घेतली, तिच्यातही समान सामग्रीचे हेच तत्त्व होते. पैशाने विकत घेता येईल ते सर्वांपाशी सारखे असले, म्हणजे उरलेला फरक डोक्याचा आणि हाताचा राहतो. आपल्याकडील शाळाशाळांमधील सांपत्तिक अंतर लक्षात घेता या तत्त्वाची गरज आपल्याला त्या लोकांपेक्षा अधिकच आहे.

प्रथम विषयाची निवड. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात २००८ साली आशिया-पॅसिफिक देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘एबीयू रोबोकॉन’ स्पर्धा भरली, तेव्हा यजमान भारताने दिलेला विषय दहीहंडीचा होता; परदेशांतून आलेल्या तरुणांची यंत्रे गोविंदांप्रमाणे उंचावरच्या मडक्यांपर्यंत पोचण्याची खटपट करीत होती. विषय आपल्या परिसरातून घेतला की यंत्र कोणत्या गरजेपोटी जन्माला येते हे मुलाला न सांगता कळते, आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांनाही मेजावर काय चालले आहे याचा उलगडा होतो. लासलगाव-निफाडकडील शाळांसाठी कांद्याच्या प्रतवारीप्रमाणे लहानमोठा माल निवडून दोन वेगवेगळ्या खणांत टाकण्याचे काम देता येईल. मात्र तिथे कांद्याच्या जागी चेंडू ठेवण्याचा मोह टाळावा, कारण चेंडू घरंगळतात आणि यंत्राच्या गुणाऐवजी मेजाच्या उताराची परीक्षा होते. एक इंच आणि दोन इंच बाजूचे लाकडी ठोकळे सर्वांत बरे. रंगावरून निवड करायला सांगण्यापेक्षा आकारावरून सांगावी, हेही पदरच्या अनुभवाने सुचवतो, कारण स्वस्तातले रंग ओळखणारे सेन्सर खोलीतील उजेड बदलला की लाल आणि नारिंगी यांत गफलत करतात.

पहिल्याच वर्षी भरवायची असेल तर काम याहून सोपे ठेवावे. पाचवी ते सातवीच्या गटाला पांढऱ्या पृष्ठभागावरील काळ्या रेषेवरून जाणारा लाइन फॉलोअर, आणि आठवी ते दहावीच्या गटाला त्याच रेषेवर दोन फाटे, एक अडथळा आणि एक ठोकळा ढकलण्याचे काम, एवढे पुष्कळ आहे. एकमेकांना उलथून पाडणाऱ्या यंत्रांच्या झुंजींना गर्दी लोटते खरी, परंतु त्यांत जड मोटार आणि जाड पत्रा घेऊ शकणारा जिंकतो, यंत्रे मोडतात, आणि ज्या शाळेने वर्षभराची बचत त्या एका यंत्रात घातली तिचे विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी जातात. शालेय स्पर्धेत झुंजींना मुळीच थारा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाची मर्यादा नियमपत्रिकेत आकड्यांनी लिहावी. आर्डुइनोच्या जातीचा एक बोर्ड, एक मोटर ड्रायव्हर, दोन बीओ मोटारी, चाके, दोन ते पाच आयआर सेन्सर, सांगाडा आणि पुन्हा चार्ज होणारे दोन सेल एवढ्या जिनसा साधारणपणे दीड-दोन हजार रुपयांत येतात, तेव्हा अडीच हजारांची मर्यादा घालून तिच्या आतील खरेदीच्या पावत्या सोबत आणायला सांगणे कोणालाही जाचक होणार नाही. याहून उत्तम मार्ग म्हणजे आयोजकांनीच एकगठ्ठा खरेदी करून प्रत्येक शाळेला सारखी पेटी द्यावी आणि स्पर्धेनंतर ती शाळेकडेच राहू द्यावी. गावातील रोटरी क्लब, पतसंस्था किंवा माजी विद्यार्थी संघ यांच्यापुढे मंडपाच्या आणि भोजनाच्या खर्चाऐवजी या पेट्यांची दरखास्त ठेवली तर देणाऱ्यांनाही आपला पैसा कुठे गेला हे हाताने चाचपून पाहता येते. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून ज्या शाळांना वीस लाखांपर्यंतचे अनुदान देऊन टिंकरिंग प्रयोगशाळा उभारून दिल्या, त्यांपैकी एखादी शाळा आपल्या तालुक्यात असल्यास तिला सहआयोजक करून घ्यावे. अशा काही शाळांतून सामग्री कपाटात कुलूपबंद असते, आणि त्याचे कारण अनास्था नसून डेड स्टॉक रजिस्टरमधील नोंदीची धास्ती असते : वस्तू मुलांच्या हातून जळाली तर भरपाई कोण करणार? मुलांच्या सरावात खराब होणारे किरकोळ भाग उपभोग्य वस्तू म्हणून निर्लेखित करण्याची मंजुरी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने आधीच घेऊन ठेवावी, असे त्या मुख्याध्यापकांना सुचवले, तर कपाटाची किल्ली बहुधा बाहेर येते.

आता मेज आणि त्यावरील मार्ग यांविषयी मला जरा विस्ताराने सांगायचे आहे, कारण मुलांची मेहनत सर्वांत अधिक प्रमाणात जर कुठे व्यर्थ जात असेल तर ती इथे. आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूडचा अखंड तक्ता घ्यावा. दोन तुकडे जोडल्यास सांध्यावर चाक अडकते. मार्ग गावातल्याच फ्लेक्स छापणाऱ्याकडून छापून घेता येतो, मात्र नेहमीचा चकचकीत फ्लेक्स घेऊ नये. लाइन फॉलोअरचा सेन्सर अवरक्त किरण खाली सोडतो आणि परत येणाऱ्या किरणांवरून पांढरे-काळे ओळखतो. चकचकीत पृष्ठभागावर काळी रेषाही काही कोनांतून आरशाप्रमाणे किरण परत पाठवते आणि यंत्राला ती दिसेनाशी होते. म्हणून मॅट फिनिश मागावे, रेषेची रुंदी १८ ते २० मिलिमीटर ठेवावी, म्हणजे शाळेत सराव करणाऱ्यांना बाजारातील साधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तसाच मार्ग घरच्या घरी करता येईल, आणि वळणांची त्रिज्या नियमपत्रिकेत जाहीर करावी. फ्लेक्स गुंडाळून आणला असेल तर आदल्या दिवशीच मेजावर पसरून कडा ठोकून ठेवावा. सुरकुतीवरून जाताना पुढचे सेन्सर उचलले जातात.

उजेडाची गोष्ट याहूनही नाजूक आहे. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण विपुल असतात, आणि खिडकीतून आलेला उन्हाचा एक पट्टा मेजावर पडला की तेवढ्या भागात सेन्सरला सगळेच पांढरे भासू लागते. हिवाळ्यात सूर्य कललेला असल्याने ऊन खोलीत दूरवर येते. सकाळी दहा वाजता सावलीत असलेले मेज दुपारी तीन वाजता उन्हात असते, आणि दुपारच्या फेरीत आलेल्या शाळांवर त्यांच्या काही दोषावाचून अन्याय होतो. यासाठी स्पर्धेच्या खोलीत आदल्या दिवशी सकाळी, माध्यान्ही आणि दुपारी एका यंत्राचे सेन्सर रेषेवर धरून त्यांची मोजमापे टिपून पाहावीत, फरक पडत असेल तर खिडक्यांना जाड पडदे किंवा सतरंज्या लावाव्यात, आणि दिवसभर ट्यूबलाइटच्या एकाच उजेडात स्पर्धा चालवावी. मंडपात किंवा पटांगणावर स्पर्धा घेण्याचा आग्रह पाहुण्यांच्या सोयीसाठी कोणी धरला तर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा. सराव-मेज निराळे असावे आणि ते त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली, त्याच फ्लेक्सचे असावे.

तारखेबाबत एक सूचना. राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून २८ फेब्रुवारी ही तारीख अनेकांना सुचते, आणि रामन परिणामाच्या शोधाचे ते स्मरण उचितही आहे; परंतु त्या सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे शाळांच्या इमारती आणि शिक्षक दोन्ही गुंतलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आणि स्नेहसंमेलनांची धांदल सुरू होण्यापूर्वीचे आठवडे मला सर्वांत सोयीचे वाटतात. त्या हिशेबाने नियमपत्रिका जुलैअखेर शाळांच्या हाती पडली पाहिजे, म्हणजे जिथे रोबोटिक्सचा एकही जाणकार नाही अशा शाळेलाही चाचपडायला तीन महिने मिळतील. गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतिपत्रे, मुलींच्या सोबत शिक्षिका आणि परतीच्या एस.टी.च्या वेळा यांचा बंदोबस्त अनुभवी शिक्षकांना नव्याने शिकवायला नको. एवढेच म्हणतो की शेवटच्या गाडीची वेळ पाहून बक्षीस समारंभाची वेळ ठरवावी. दूरच्या वाडीवरून आलेली मुले निकाल न ऐकताच निघून गेली, तर त्यांच्यासाठी ती स्पर्धा अर्धीच झाली.

नियमपत्रिका चार पानांपेक्षा मोठी नसावी, मराठीत असावी, आणि तिच्यात मार्गाचे मोजमापांसह चित्र असावे. ती पाठवल्यानंतर शंका येणारच. एका शाळेने फोनवर विचारलेल्या शंकेचे उत्तर फक्त त्या शाळेला देणे हा पक्षपातच होय, मग तो अजाणता का होईना. म्हणून शंका लेखी घ्याव्यात, आणि त्यांची उत्तरे दर पंधरवड्याला सर्व शाळांना एकदम कळवावीत. एका मुदतीनंतर नियमांत कसलाही फेरफार करू नये.

फेऱ्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहिल्यावाचून वेळापत्रक छापू नये. चोवीस संघ आले, प्रत्येकाला दोन फेऱ्या दिल्या, एका फेरीला तीन मिनिटे आणि मांडामांडीला दोन धरली, तर अठ्ठेचाळीस फेऱ्यांना २४० मिनिटे, म्हणजे एका मेजावर पूर्ण चार तास लागतात. दोन मेजे ठेवली तर दोन तासांत काम उरकते आणि मुलांना दोन फेऱ्यांच्या मधे दुरुस्तीला सवड राहते. ही मधली सवड कमी करून वेळ वाचवू नये. पहिल्या फेरीत यंत्र का चुकले याचा शोध घेऊन दुसऱ्या फेरीपूर्वी ते सुधारणे, हाच या सबंध दिवसातील शिक्षणाचा गाभा आहे. दोन फेऱ्यांपैकी चांगली फेरी धरावी, सरासरी काढू नये. पहिल्या फेरीत यंत्र जागचे हललेच नाही अशा संघालाही मग दुसऱ्या फेरीची आशा राहते.

सकाळी नोंदणीच्या वेळी यंत्रांची तपासणी करताना सेल विशेष लक्षपूर्वक पाहावेत. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला लिथियम सेल आत येऊ देऊ नये, चार्जिंग एकाच मेजावर एका जबाबदार माणसाच्या नजरेखाली व्हावे, आणि जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. बदलून देण्यासाठी काही चांगले सेल आयोजकांनी हाताशी ठेवावेत, कारण प्रथमच भाग घेणारी मुले चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी हमखास लावून आणतात. ती बॅटरी मोटारींना लागणारा प्रवाह देऊ शकत नाही. मोटार सुरू होताक्षणी व्होल्टेज कोसळते, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून चालू होतो, यंत्र एक हिसका देऊन थांबते, पुन्हा हिसका देते, आणि बिचारी मुले प्रोग्रॅममधील चूक शोधत बसतात. मोबाइलवरून चालवायच्या यंत्रांचा वेगळा गट ठेवला असेल, तर प्रत्येक ब्लूटूथ मॉड्यूलचे नाव बदलून त्याला संघाचा क्रमांक देण्याची सक्ती करावी. अन्यथा खोलीतील सर्वच मॉड्यूल कारखान्यातून आलेल्या एकाच नावाने आणि १२३४ या एकाच संकेतांकाने उभी असतात, आणि एका शाळेच्या मोबाइलवरून दुसऱ्या शाळेचे यंत्र चालू लागते.

मूळ प्रश्नाकडे, म्हणजे यंत्र कोणाच्या हातचे आहे याकडे, आता वळतो. यावर सर्वांत परिणामकारक उपाय वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या स्पर्धेने रूढ केला आहे : ठरलेल्या कामात स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक लहानसा अनपेक्षित नियम जोडायचा. आपल्या स्पर्धेत तो असा असू शकेल, की दुसऱ्या फाट्यावर यंत्राने तीन सेकंद थांबावे आणि मगच पुढे जावे. तो फळ्यावर लिहून दाखवल्यानंतर तासभर वेळ द्यावा, शिक्षक आणि पालक यांना दोरीच्या बाहेर बसवावे, आणि त्या तासात दोरी ओलांडण्याची मुभा कोणालाही, अगदी यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांनाही, ठेवू नये. अशा एका तासात मी आठवीतल्या एका मुलीला पाहिले. तिच्या यंत्राचा सांगाडा पुठ्ठ्याचा होता आणि तारा रबरबँडने बांधलेल्या होत्या. तिने प्रोग्रॅम उघडून फाटा ओळखणारी ओळ शोधली, तिच्याखाली मोटारी बंद करण्याची आज्ञा घातली, डिलेसमोर तीन हा आकडा लिहून यंत्र चालवले, आणि ते थांबलेच नाही असे पाहून क्षणभर ओठ आवळून उभी राहिली. मग हा आकडा सेकंदांचा नसून सहस्रांश सेकंदांचा आहे हे तिच्या ध्यानात आले, तिने तीन हजार लिहिले, यंत्र फाट्यावर थांबले आणि पुढे गेले. दुसऱ्या टोकाला ॲक्रिलिकचा सांगाडा असलेल्या एका देखण्या यंत्राभोवती चार मुले लॅपटॉप बंद ठेवून दोरीबाहेरच्या माणसाकडे पाहत होती. त्या चार मुलांना दोष देण्याचे कारण नाही. कोणी त्यांच्या हातात काम दिलेलेच नव्हते, आणि हे त्यांच्या शाळेला त्या दिवशी कळले, हाही त्या नियमाचा उपयोगच होय.

याला जोड म्हणून प्रत्येक संघाची दहा मिनिटांची मुलाखत ठेवावी. ‘फर्स्ट लेगो लीग’ या शालेय स्पर्धेत सर्वोच्च पुरस्कार ठरवताना मेजावरील कामगिरीला फक्त एक चतुर्थांश वजन असते, उरलेले यंत्राची रचना, प्रकल्प आणि परस्परांशी वागणूक यांना मिळते. आपण इतके न गेलो तरी शंभरातील चाळीस गुण मुलाखतीला आणि मुलांनी ठेवलेल्या नोंदवहीला जरूर द्यावेत. नोंदवही सुवाच्य अक्षरातली नसेना का. तिच्यात चुकलेल्या प्रयत्नांच्या नोंदी आहेत की नाही ते पाहावे. प्रश्न पाठ केलेल्या उत्तरांना वाव न देणारे असावेत. ‘आर्डुइनो म्हणजे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘हे सेन्सर आणखी दोन सेंटिमीटर वर घेतले तर काय होईल?’ असे विचारावे आणि ‘घेऊन दाखव’ म्हणावे. प्रश्न संघातील प्रत्येकाला विचारावेत, आणि एरवी मागे उभी राहणारी मुले, त्यांत बहुतेक वेळा मुली असतात, त्यांना आधी विचारावेत.

मेजावरचा पंच आणि मुलाखतीचा परीक्षक ही माणसे वेगवेगळी असावीत. पंचाकडे घड्याळ आणि नियमपत्रिका हवी; परीक्षकाकडे मुलांशी बोलण्याची हातोटी हवी. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा तंत्रनिकेतनातील वरच्या वर्गांचे विद्यार्थी उत्तम पंच होतात, मात्र आदल्या दिवशी त्यांना मेजापाशी उभे करून ‘चाक रेषेबाहेर गेले म्हणजे नेमके किती?’ अशा वादाच्या प्रसंगांचा सराव द्यावा आणि एकमताने ठरलेला अर्थ लिहून ठेवावा. सहभागी शाळेच्या शिक्षकाला आपल्या शाळेच्या मेजावर पंच नेमू नये.

तक्रार करण्याचा अधिकार फक्त विद्यार्थ्यांच्या संघनायकाला असावा, ती फेरी संपल्यापासून पंधरा मिनिटांत लेखी यावी, आणि तिचा फैसला मुख्य पंचाने त्या मुलासमोर कारण सांगून द्यावा. मोबाइलवरील चित्रीकरण पुरावा म्हणून घेऊ नये, कारण एका शाळेपाशी चांगला कॅमेरा आहे आणि दुसरीपाशी नाही, यावर न्याय अवलंबून राहू नये. गुणपत्रकावर प्रत्येक फेरीनंतर संघनायकाची सही घेतली, तर संध्याकाळच्या बहुतेक हरकती मुळातच उद्भवत नाहीत.

बक्षिसे थोडी असावीत आणि वस्तुरूप असावीत. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, सुट्या भागांची पेटी. मुलाखतीत सर्वोत्तम ठरलेल्या संघाचे बक्षीस मेजावर पहिला आलेल्या संघाच्या बक्षिसाइतकेच मोठे ठेवावे. स्वतःची फेरी सोडून दुसऱ्या शाळेला सेल, तार किंवा वेळ देणाऱ्या मुलांचाही जाहीर उल्लेख व्हावा, आणि तो करता यावा म्हणून पंचांनी दिवसभर अशा गोष्टींची टिपणे ठेवावीत.

स्पर्धेनंतर आठ दिवसांच्या आत प्रत्येक शाळेला तिच्या संघाचे गुण आणि परीक्षकांचा चारपाच ओळींचा अभिप्राय पाठवावा, जमाखर्च वर्गणीदारांना दाखवावा, आणि दोन्ही मेजांवरचे फ्लेक्स शाळांच्या मागणीप्रमाणे आळीपाळीने सरावासाठी द्यावेत. ज्या शाळा नाव नोंदवूनही आल्या नाहीत, त्यांना आधी फोन करावा. एखादीपाशी गाडीभाड्याचे पैसे नसतात, एखादीचा एकमेव विज्ञानशिक्षक निवडणुकीच्या कामावर गेलेला असतो, आणि ही कारणे कळल्यावर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्चाची तरतूद किती करावी आणि तारीख कोणती धरावी, हे जूनमध्ये नियमपत्रिका लिहायला बसण्यापूर्वीच ठरवता येते.